राऊच्या चढावर तीनचाकी

कुमुदिनी पागे शहराच्या एका टोकाला, राऊला राहत. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. डावा पाय लहानपणीच पोलिओनं गेलेला, म्हणून त्यांच्या स्कूटरला मल्हारगंजच्या बाळकृष्ण मिस्त्रींनी मागे दोन चाकं बसवून दिली होती. मागच्या सीटवर कायम धाकटी बहीण सुमन असे. दोघींनीही लग्न केलं नव्हतं.

घरासमोरची गल्ली चढाची. कुमुदिनी पायाचा ब्रेक दाबून धरत. सुमन टुणकन उतरून चाकामागे वीट सरकवायची आणि म्हणायची, "हं, उतर आता." मिस्त्रींनी बसवलेला हँडब्रेक ओढायची वेळ कधी आलीच नाही.

जानेवारीत सुमन गेली. झोपेतच, कसलीही कुरबुर न करता.

त्यानंतर पहिल्यांदाच गाडी काढून एका सकाळी कुमुदिनी दूध घेऊन आल्या. सवयीनं गाडी थांबवली, उतरल्या, कुबडीकडे हात नेला. तेवढ्यात गाडी आवाज न करता मागे सरकू लागली. त्यांनी कॅरियर घट्ट धरलं, पण तोल गेला आणि त्या पडल्या. गाडी समोरच, जरा खालच्या अंगाला राहणाऱ्या पीयूषच्या फाटकावर जाऊन आदळली.

पीयूष धावत आला. "ताई, लागलं का? गाडी छोड़ो, आधी तुम्ही बसा!" मग जरा थांबून म्हणाला, "आता ऑटोच बुलवा लिया करा ना. अकेले कशाला हे सगळं?"

"फाटक मी दुरुस्त करून देईन," त्या म्हणाल्या. खरचटलेला कोपर त्यांनी घरी एकटीनंच धुतला. पाठीमागून रागावणारं कुणी नव्हतं, याचंच रडू आलं.

गाडी मल्हारगंजला नेली. मिस्त्रींनी हँडब्रेकचा दांडा ओढून पाहिला. गंजून जाम झालेला.

"हा तर तुम्ही कधी ओढलाच नाही, ताई!"

"सुमन होती ना."

मिस्त्री पाना घेऊन खाली बसले. केबल बदलून झाल्यावर म्हणाले, "आधी पायाचा ब्रेक दाबायचा, मग हा दांडा. पाय हळूच सोडायचा. गाडी हलली नाही, तरच उतरायचं. और पुढचं चाक भिंतीकडे वळवून ठेवा."

मग रोज दुपारी, गल्लीत कुणी नसताना, त्या सराव करत राहिल्या. गाडी थोडी सरकली की पटकन पायाचा ब्रेक दाबायचा. पुन्हा चढायचं, पुन्हा दांडा ओढायचा. हळूहळू हाताला सवय झाली.

एका रविवारी त्या शहर ओलांडून थेट सांवेरला गेल्या. रस्त्याकडेच्या उतारावर गाडी लावली. पाय सोडला आणि वाट पाहिली. गाडी जागच्या जागी उभी राहिली.

चहाच्या टपरीवरच्या बाईनं विचारलं, "अकेले आए हो, अम्मा?"

"हाँ," कुमुदिनी म्हणाल्या. "अकेले ही."

हे मोठ्यानं बोलायची त्यांची पहिलीच वेळ. बाईनं बाक पुसून दिला आणि ती पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. सोयाबीनच्या शेतांकडे बघत कुमुदिनी चहा निवेपर्यंत बसून राहिल्या. मग ऊन उतरायच्या आत घरी जायला निघाल्या.