शेजारच्या आजींचा डबा

नेदरलँड्समधल्या न्यूनेन गावात आमच्या शेजारी एक स्कॉटिश आजी राहायच्या. तरुणपणी लग्न करून इथे आल्या, पण डच शिस्त त्यांनी कधी अंगी बाणवली नाही. इथे कॉफीबरोबर एक बिस्किट देतात आणि लगेच डब्याचं झाकण लावतात. आजी झाकणच लपवून ठेवायच्या.

मी राहायला आलो त्याच आठवड्यात त्यांनी लोण्याच्या बिस्किटांचा डबा दिला. डबा रिकामा परत द्यायची आमच्यात पद्धत नाही, म्हणून मी शंकरपाळ्या तळल्या. मोहन घालायला विसरलो. आजींनी एक चहात बुडवली, घड्याळाकडे बघत थांबल्या आणि म्हणाल्या, "बाळा, ही खायची की भिंतीत बसवायची?"

पुढच्या महिन्यात डबा पुन्हा भरून आला. मीही भरूनच परत दिला. असं सहा वर्षं चाललं. एकदा त्या वैतागून म्हणाल्या, "अरे, मला फक्त माझा डबा परत हवाय!" आणि खो खो हसत बिस्किटं ठेवून गेल्या.

मार्चमध्ये आजी गेल्या, तेव्हा डबा माझ्याकडेच होता. अंत्यविधीनंतरच्या कॉफीला तो रिकामा नेणं काही जमेना. घाईत मोहन पुन्हा विसरलो. त्यांच्या नातीनं शंकरपाळी कॉफीत बुडवली आणि मुकाट्यानं घड्याळाकडे बघत बसली. आजींनी तो किस्सा सगळ्यांना सांगितलेला होता; रडवेलं घर एकदम हसलं.

काल बेल वाजली. दारात नात, हातात बिस्किटांनी भरलेला डबा.

"आजीसारखी जमली नाहीत. थोडी जळलीत."

जळली होतीच. पण झाकण तिनं आणलं नव्हतं.