कोऱ्या लॉगवरची सही

त्या वर्षी घाटंजीकडच्या एका कापूस खरेदी केंद्रावर गाड्यांची रांग दोन-दोन दिवस हलत नसे. काट्याच्या खोलीत एक संगणक, वजनाच्या पावत्या छापणारा एक प्रिंटर आणि रोजंदारीवरचा एक ऑपरेटर. ऑपरेटर जवळच्या तांड्यावरचा, जवळपास माझ्याच वयाचा. मी यवतमाळहून आठवड्यातून दोनदा संगणक तपासायला जात असे.

सकाळी संगणक नीट सुरूच होत नाही, अशी त्याची तक्रार होती. काळ्या पडद्यावर ओळी धावत आणि मध्येच थांबत. बाहेर लोक ओरडत. तो बटण बंद करून पुन्हा चालू करी. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला यंत्र चाले. मी दहाला पोचेपर्यंत सगळं सुरळीत.

केंद्रप्रमुखांना संशय वेगळाच होता. दलालांच्या गाड्या पुढे घुसवायला हा माणूस काटा मुद्दाम बंद पाडतो, असं ते म्हणत. मला त्यांनी लॉग पाहून लेखी द्यायला सांगितलं.

यंत्र सुरू होताना काय घडलं, याच्या नोंदी लॉगच्या फाइलीत उतरतात. तक्रारी सात दिवसांच्या होत्या. सातही दिवशी फाइलीत एकेकच सुरुवात नोंदलेली, तीही निर्दोष.

ऑपरेटर दारात उभा होता. "भाऊ, मशीन सकाळी बोलते न. म्या सोता वाचलं. मंग इसरून जाते."

"मशीन विसरत नाही," मी म्हणालो.

"मंग त्याले बी पावती द्यायले लावा. कास्तकार पावती हाती पडल्याबिगर काट्यावरून हलते काय? या टीव्हीवरच्या आकड्यावर कोन भरोसा ठेवते!" त्याने संगणकाच्या पडद्याकडे बोट केलं.

केंद्रप्रमुख हसले. "आता मशीनले बी काट्यावर चढवतं काय रे?" मीही हसलो.

मी लिहिलं : 'सात तारखा तपासल्या. बिघाडाची एकही नोंद आढळली नाही.' खाली सही केली. दुसऱ्या दिवसापासून त्याचं काम सुटलं.

नव्या ऑपरेटरने पाचव्या दिवशी तीच तक्रार केली, तेव्हा मला त्याचं ते पावतीचं बोलणं आठवलं. एक दुपार खर्चून मी सिस्टीममध्ये बदल केला आणि सुरुवातीचे संदेश थेट प्रिंटरवर वळवले. दुसऱ्या दिवशी सातलाच पोचलो. बटण दाबलं. प्रिंटर जरा उशिरा जागा झाला, पण तोवर साचलेलं सगळं त्याने पहिल्या ओळीपासून छापलं. एक्केचाळीस ओळी. तेहेतिसावी : डिस्क उत्तर देत नाही. एक्केचाळिसावी : डिस्क उघडता येत नाही, थांबत आहे.

लॉग ज्या डिस्कवर लिहायचा, तीच उघडली नव्हती. तोवरचे संदेश फक्त मेमरीत असतात. बटण बंद केलं की गेले. हे मला आधीपासून ठाऊक होतं. ज्या सुरुवाती फसल्या त्या फाइलीत येणं शक्यच नव्हतं, आणि मी फाइलीतल्या सुरुवाती मोजून बसलो होतो. माझ्या अहवालातलं प्रत्येक वाक्य खरं होतं.

कागद केंद्रप्रमुखांपुढे ठेवला.

"डिस्क बदलून टाका," ते म्हणाले.

"आणि तो ऑपरेटर?"

"जागा भरली न आता. वरून फाइलीत कागद तुमचाच आहे."

त्याच दिवशी मी तांड्यावर गेलो. घराला कुलूप होतं. शेजारची बाई ओट्यावर तूर पाखडत होती. "ऊस तोडाले गेले साऱ्याइले घेऊन. पोरीची शाळा बी सोडवली. तुमी कायले आले?"

"त्याची एक पावती द्यायची होती."

तिने सूप खाली ठेवलं. "कापूस त बोंडातच सडला त्याचा. पावती कायची?"

मी कागदाची घडी उघडली नाही. पुसदची बस वाटेत मिळेल, असं तिने आपण होऊन सांगितलं. मला उलट दिशेला, यवतमाळला जायचं होतं, तरी मी हो म्हणालो.