बाराच्या आत जेवणारा रूममेट

माझ्या रूममेटइतका गोंधळलेला भिक्खू अख्ख्या नगर जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि खरं तर तो अजून पुरता भिक्खू झालेलाही नाही. हॉस्टेलच्या मेसमध्ये आधी भात घ्यावा की पोळी, एवढ्यावरून तो रांग अडवून धरायचा. केडगावला राहणाऱ्या त्याच्या आईने, म्हणजे मावशींनी, त्याला दिवाळीच्या सुट्टीत दहा दिवसांच्या श्रामणेर शिबिराला पाठवलं. तिथे मुलं डोकं भादरून चीवर घालतात, दहा शीलं पाळतात आणि अकराव्या दिवशी पॅन्ट घालून घरी येतात. हा आला नाही. राहायचं ठरवलं होतं असंही नाही. "अजून दहा दिवस बघतो," असं तो दर दहा दिवसांनी फोनवर सांगायचा. शेवटी शिबिराच्या मोठ्या भंतेंनी त्याला घोडेगावच्या पुढे ऊसतोड्यांच्या तळावर धाडलं. हंगामभर लोकांत राहा, धम्म सांग, मग ठरव, असं ते म्हणाले. आणि भिक्खू व्हायचंच ठरलं तर आईची परवानगी लागेल, हेही त्यांनी बजावलं.

मावशींनी त्याला परत आणायला मला पाठवलं. "एकुलता एक हाय. दहा दिवसांसाठी दिलता मी," त्या म्हणाल्या. मी पाथर्डीकडचा. माझे आईवडील अजूनही कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, कॉलेजात आलेला घरातला मी पहिलाच. तळावरच्या पाचटाच्या कोपीतच वाढल्यामुळे तिथे उपदेश करायला येणाऱ्यांची मला थोडी धास्ती वाटते. पण याचा उपदेश पहिल्याच दिवशी संपला होता. दुःखावर त्याने आठ पानं लिहून नेली होती. दुसऱ्या पानावर टोळीच्या मुकादमाची म्हातारी आई म्हणाली, "भंते, दुःख आमाला ठावं हाय. त्येच्या पुढचं सांगा." पुढचं त्याने लिहिलंच नव्हतं. म्हातारीने विचारलं, "मग लेकरं तरी धरता का जरा? नऊ हायती, मी एकली हाय."

तेव्हापासून आईबाप उसात गेले की हा बाभळीखाली नऊ पोरं सांभाळत बसलेला असे. श्रामणेराला गाणं वर्ज्य, म्हणून पोरांना झोपवायला तो पंचशील म्हणायचा, आणि पोरं खरंच झोपायची. "मोठी माणसंही झोपतात," तो मला गंभीरपणे म्हणाला. उंच आसनही वर्ज्य, म्हणून उसाच्या भरल्या गाडीवर बसावं की नाही हे त्याने मोठ्या भंतेंना फोन करून विचारलं. ते म्हणाले, "बैलांना विचार." हा कारखान्यापर्यंत गाडीच्या बाजूने चालत गेला. घरी कधी येतोस, असं मी विचारलं तेव्हा एका पोराचं नाक पुसत तो म्हणाला, "मला प्रवचन जमत नाही. ध्यानातही झोप लागते. पण इथं कुणीतरी थांबायला पाहिजे ना? ते कुणीतरी म्हणजे मीच का, हे कसं कळतं रे?" मी एकटाच परतलो.

पुढच्या रविवारी मावशी स्वतः निघाल्या, बरोबर मी. डब्यात भरीत, बाजरीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी. एसटीने वेळ लावला, पोचेपर्यंत सव्वा वाजला. बारानंतर जेवायचं नाही, हेही शील. मावशींनी डबा उघडला तसा तो उभाच राहिला.

"आईच्या हातचं बी चालत न्हाई?"

त्याने घड्याळाकडे पाहिलं, सूर्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "मला नाही माहीत, आई," तो म्हणाला. डोळे भरले होते, पण हात पुढे आला नाही.

"ताई, आमी बी लई सांगून बघितलं," म्हातारी म्हणाली. "गरीब हाय, पन हट्टी हाय."

मावशींनी भाकरीचे तुकडे करून नऊ पोरांना वाटले. परतीची गाडी मात्र धरली नाही. सकाळी म्हातारीच्या चुलीवर त्यांनी भाकरी थापल्या आणि आठ वाजता त्याच्यापुढे पान वाढलं. तो तीन भाकरी जेवला. मग त्यांनी डोक्यावर पदर घेतला आणि भंतेंना करतात तशी वंदना करायला त्या गुडघ्यांवर बसल्या. भिक्खूने गृहस्थाच्या पाया पडायचं नसतं, पण हा सवयीने वाकला. दोघांची डोकी खाडकन एकमेकांवर आपटली.

"लागलं का रं?" मावशींनी त्याच्या कपाळाकडे हात नेला, अर्ध्यात थांबवला आणि हळूच म्हणाल्या, "लागलं का, भंते?"

"आता कोन कुनाच्या पाया पडलं म्हनायचं?" म्हातारीने विचारलं.

येताना एसटीत मी कसाबसा विषय काढला. "मावशी, परवानगीचं मोठ्या भंतेंना काय कळवू?"

त्यांनी रिकामा डबा पिशवीत नीट बसवला. "पुढल्या रविवारी लवकरची गाडी कोन्ती हाय, ते बघ आधी. बाराच्या आत पोचाया पायजे."

मी मोबाईलवर वेळ शोधू लागलो. हे हो होतं की नाही, मला अजूनही ठरवता आलेलं नाही. मावशींच्या कपाळावर बारीक टेंगूळ आलं होतं, आणि पार केडगाव येईपर्यंत त्या मधूनमधून त्याला हात लावून बघत होत्या.