भेगेपर्यंत

नवऱ्याला कंपनीने तीन महिन्यांसाठी स्वित्झर्लंडला पाठवलं, तेव्हा शेवटच्या दोन आठवड्यांसाठी मीही गेले. पाच वर्षांच्या मुलीला पुण्याला आईकडे ठेवलं होतं. हिमनदीवर चालायचं हे मीच ठरवलेलं. त्यासाठी महिनाभर रोज सकाळी कॅनव्हासचे बूट घालून बंगळूरला आमच्या बसवनगुडीतल्या बागेतला खडक मी चढले-उतरले होते. फिरायला येणारे म्हातारे टकामका बघायचे. बघोत बापडे.

आम्ही सहा जण होतो, बरोबर दोन वाटाडे, एक पुढे, एक मागे. त्यांनी बुटांखाली लोखंडी काटे बांधून दिले आणि कमरेला दोर अडकवून सगळ्यांना एका रांगेत जोडलं. पाय नीट आपटून टाकला की घसरत नाही, हे दहा मिनिटांत माझ्या लक्षात आलं. मग धास्ती अशी उरलीच नाही. लग्नानंतर इतकी खूश मी क्वचितच झाले असेन.

तासाभराने बर्फात एक भेग आली, हातभर रुंद. एक मोठं पाऊल टाकायचं, बस. माझ्यामागे नवरा होता. दोर ताणला गेला म्हणून मी वळून पाहिलं, तर त्याचे ओठ पांढरे पडलेले, दोर दोन्ही हातांनी धरून तो जागीच थांबला होता. पुढच्या वाटाड्याने विचारलं, सगळे ठीक ना? नवरा म्हणाला, "माझी बायको घाबरलीय. आम्ही परत जातो."

वाटाड्याला सगळं दिसत होतं. त्याने मलाच विचारलं, खरंच? मी मान डोलावली. चारचौघांत नवऱ्याला उघडं कसं पाडायचं, एवढंच तेव्हा सुचलं. दुसऱ्या वाटाड्याने आम्हाला खाली आणलं. खोलीवर गेल्यावर तरी हा काही बोलेल असं वाटलं होतं. तो टीव्ही लावून बसला.

बंगळूरला आल्यावर अल्बम तयार झाला आणि येईल त्याला दाखवला गेला. "अगदी भेगेपर्यंत पोचलो होतो, पण ही घाबरली." मी कॉफी आणून ठेवायची. आमच्या घरमालकीणबाई पिढ्यान् पिढ्या इथल्याच मराठी. त्या माझी बाजू घेऊन मला म्हणायच्या, "असू द्या हो अक्का, स्वल्प भीती सगळ्यांनाच असते की." ती दया मला जास्त झोंबायची. सुरुवातीला मी आतल्या आत धुमसायचे. पुढे पुढे त्याला ते खरंच वाटू लागलं असावं, कारण सांगताना तो माझी नजर चुकवेनासा झाला.

मुलगी दहा वर्षांची झाली तेव्हा शाळेने डोंगर चढायची सहल काढली. पालकांच्या सहीचा कागद घेऊन ती माझ्यासमोरून सरळ बाबांकडे गेली.

"आईला नाही विचारलंस?" त्याने विचारलं.

"ती नको म्हणेल. तिला भीती वाटते ना."

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग पेन मागितलं. मी आणून दिलं.