जयमालाबाईंनी सर्व्हरला दिलेला पत्ता

जयमालाबाईंना कुणी विचारलं, "काय करता?" तर त्या "सोसायटीत असते" एवढंच सांगतात. रेवदंड्याच्या खाडीवर जी मच्छीमार सोसायटी आहे, तिथे त्या सव्वीस वर्षं कारकून आहेत. तिथला सर्व्हरही त्याच सांभाळतात, पण हे सांगितलं की समोरचा माणूस आधी त्यांच्या पांढऱ्या केसांकडे बघतो, आणि बाईंचं डोकं फिरतं. वडील शिक्षक, स्वतः बी.कॉम. ऑफिसात कॉम्प्युटर आला तेव्हा बाकीचे त्याच्यावर प्लॅस्टिकचं झाकण घालून लांब बसले आणि बाईंनी झाकण काढलं. एवढंच. त्यात वयाचा काय संबंध?

काम तसं सरळ. समुद्रात निघणाऱ्या होडीने खलाशांची नावं सोसायटीच्या वेबसाइटवर भरायची आणि छापील चिठ्ठी घ्यायची. चिठ्ठी नाही तर होडी सुटत नाही. पूर्वी चिठ्ठ्या हाताने लिहीत. एकदा भिकू नावाचा एकच खलाशी एकाच दिवशी तीन होड्यांवर समुद्रात गेला आणि प्रत्यक्षात घरी घोरत पडलेला सापडला. तेव्हापासून हातचिठ्ठी बंद.

यंदा नेमका पावसाळी बंदी उठायच्या आठवड्यात जुना कॉम्प्युटर मेला. नव्यावर सगळं बाईंनीच आणलं. आता सर्व्हर म्हणजे दारात बसलेला माणूस समजा. चिठ्ठी मागायला कुणी आलं की तो जागचा हलत नाही; प्लग-इन नावाचा त्याचा शिपाई आत चिठ्ठीच्या प्रोग्रामकडे धावतो. प्रोग्राम कुठल्या फोल्डरमध्ये, त्याची चावी कुठे, नोंदवही कुठे, हे सगळे रस्ते एका फाइलीत लिहून ठेवावे लागतात. तिला कॉन्फिग फाइल म्हणतात. नव्या मशीनवर फोल्डर बदलले, म्हणजे रस्तेही बदलायला हवेत. बाईंनी बदलले. पण लांबलचक पत्ते लिहायचा कंटाळा, म्हणून जरा हुशारी केली. "इथून एक फोल्डर वर जा, मग चिठ्ठीच्या फोल्डरात शीर," असे आखूड रस्ते लिहिले. चालवून बघितलं, चाललं. बाई चहा प्यायल्या.

होड्या निघायच्या दिवशी सकाळी लाईट गेली, आली, आणि चिठ्ठीचं पान बंद. बाईंनी हाताने चालू केलं, चाललं. पुन्हा लाईट गेली, पुन्हा बंद. अकरापर्यंत हे चार वेळा झालं. बाहेर अठरा होड्यांची माणसं उभी, आणि दीडला भरती. भरतीच्या पाण्यातच होड्या खाडीतून बाहेर पडणार. त्यानंतर बसा चिखलात.

चेअरमन विनेश आत आला. वय पस्तीस, शर्टाला इस्त्री.

"जयमालाताई, रागावू नका. पण दर वेळी तुम्ही हाताने चालू करणार, तर तुम्ही घरी गेल्यावर काय? नवी मुंबईची कंपनी तयार आहे. दीडपर्यंत हे लाईट आल्यावर आपलं आपण उठलं नाही, तर मी आजच त्यांना काम देतो."

"आणि मी काय करू?"

"तुम्ही आराम करा."

आराम! हा शब्द बाईंना शिवीसारखा लागला. सर्व्हर गेला तर मागे काय उरणार? पावत्या फाडणं. त्यांनी चष्मा पुसला आणि फाइल उघडली. रस्ते बरोबर. अक्षर न् अक्षर बरोबर. मग हाताने चालतं ते आपोआप का चालत नाही?

बाकावर दोन होड्यांची मालकीण वेणूबाई बसली होती. बर्फाचा ट्रक वाट चुकला होता आणि ती ड्रायव्हरला, परेशला, फोनवर रस्ता सांगत होती. सांगत कसली, अख्ख्या बंदराला ऐकवत होती.

"सरल ये, मंग डावीकडं वल, की आलीच सोसायटी!"

"मावशी, सरळ आलो. समोर भिंत हाय."

"भित? हितं कुठं भित हाय? हाईस कुठं तू?"

"चौलनाक्यावर."

"मंग तितून कशाला सरल जातंस, मेल्या? हितून सरल ये म्हनतंय मी!"

"मी तिथं असतो तर तुला फोन कशाला केला असता?"

ऑफिसभर हशा पिकला. जयमालाबाई मात्र हसल्या नाहीत. त्या स्क्रीनकडे बघत राहिल्या.

"वेणू, हेच केलं गं मी."

"काय केलंस? मी काय केलं?"

हाताने चालू करताना बाई प्लग-इनच्या फोल्डरमध्ये असायच्या, तेव्हा "इथून" म्हणजे तिथून. लाईट आल्यावर मशीन स्वतः उठायचं, तेव्हा सर्व्हर जागा व्हायचा भलत्याच फोल्डरात. "इथून एक वर" शोधत तोही परेशसारखा भिंतीवर आपटायचा. बाईंनी आखूड रस्ते खोडले आणि ड्राइव्हच्या अक्षरापासून पूर्ण पत्ते लिहिले. मग उठून सरळ मेन स्विच पाडला.

"अहो ताई!" विनेश ओरडला.

"गप. लाईट गेली असं समज."

स्विच वर. मशीन घरघरलं. पान आलं नाही. बाहेरून कुणीतरी म्हणालं, "वाजले ना बारा!" खरोखरच पावणेबारा वाजले होते. बाईंनी पुन्हा एकेका ओळीवर बोट ठेवलं. सात रस्त्यांतले सहा पूर्ण. सातवा, नोंदवहीचा, फाइलीच्या अगदी तळाशी, तसाच आखूड. शिपायाला नोंदवही सापडेना म्हणून बेटा कामालाच लागत नव्हता. सरकारी खात्यातला असावा.

सातवा लिहिला. या वेळी स्विच वेणूबाईने पाडला. तिला केव्हाची हौस होती. सगळे मशीनकडे बघत राहिले. बाईंनी दोन्ही हात पदरात घेतले, कळफलकाला बोट लावायचं नाही म्हणून. एक मिनिट गेलं. दुसरं निम्मं गेलं. मग चिठ्ठीचं पान उघडलं, आपलं आपण.

"पुन्हा एकदा," विनेश म्हणाला.

पुन्हा पाडला. पुन्हा उठलं. विनेश खाकरला. "ताई, मग कंपनीला..."

"नाही म्हणून कळव, आत्ता, माझ्यासमोर."

विनेशने फोन काढला, दोन वाक्यांत नकार दिला आणि ठेवला. बाईंनी प्रिंटरमध्ये कागद घातले. वेणूबाई खलाशांची नावं सांगायला लागली. विनेशचीही एक होडी होतीच. तो टेबलाशी तसाच वाकून उभा राहिला, तेव्हा बाई मान वर न करता म्हणाल्या,

"चेअरमन, रांग दाराबाहेर आहे."