साळवेंचा स्टँड-टू

"लष्करात होती ना, अल्वा? मग सलामाला उत्तर द्यायला काय होतं? सुम्ने मान हलवते नुसती."

कमल मावशी स्वयंपाकघरात बोलत होत्या. आपण हळू बोलतोय असा त्यांचा समज होता. त्यांचं आयुष्य म्हैसुरात गेलं आहे, त्यामुळे मराठीच्या मध्येच कन्नड येऊन बसतं. मी बाहेरच्या खोलीत दारासमोरच्या खुर्चीवर होते. आत त्यांच्यासोबत रूथ साळवे होत्या, नाईक दानिएल साळवे यांची पत्नी. त्या आदल्या दिवशी नगरहून येऊन म्हैसुरात मावशींकडे उतरल्या होत्या. उद्या कोडगूला, म्हणजे कूर्गला, जाऊन, पती जिथे मरण पावले ती जागा त्यांना पाहायची होती. त्याआधी त्यांना मला भेटायचं होतं. साळवे गेले त्या दिवशी त्यांची अधिकारी मी होते.

मावशी खोटं बोलत नव्हत्या. मी सलाम घेत नाही.

आम्हा नगरकडच्या ख्रिस्ती लोकांत भेटल्यावर आणि निघताना 'सलाम' म्हणतात. शांती असो, एवढाच त्याचा अर्थ. मी चार वर्षांची असताना बाबा नोकरीसाठी म्हैसूरला आले. मला इंग्रजी शाळेत घातलं. एकदा शाळेच्या गेटवर बाबांना नगरचे एक गृहस्थ भेटले. बाबांनी हात कपाळाशी नेऊन मोठ्याने सलाम केला. वर्गातल्या एका मुलीने मला विचारलं, तुझे डॅडी ड्रायव्हर आहेत का. त्यानंतर तो शब्द मी घराबाहेर वापरला नाही. पुढे घरातही वापरला नाही.

मी इंजिनिअर रेजिमेंटमध्ये शॉर्ट सर्व्हिसवर पाच वर्षं होते. आमच्या कंपनीत बहुतेक जवान मराठी. नाईक साळवे रेडिओ ऑपरेटर होते, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. मी जॉइन झाले तेव्हा पोस्टिंग ऑर्डरवर माझं पूर्ण नाव त्यांनी वाचलं होतं: एस्तेर थोरात. गाड्या लावतात त्या एमटी पार्कमध्ये मी दोन अधिकाऱ्यांसोबत उभी होते. साळवे समोर आले, सॅल्यूट केला, "जय हिंद, मॅडम" म्हणाले. मग आवाज उतरवून म्हणाले, "सलाम, मॅडम."

मी म्हणाले, "जय हिंद. कॅरी ऑन."

सोबतच्या कॅप्टनने हसून विचारलं, हे सलाम काय प्रकरण आहे. मी म्हणाले, माहीत नाही.

साळवेंनी ते ऐकलं असणार. पण पुढेही आम्ही दोघंच असलो की ते सलाम म्हणायचे. चिडून नाही, चिडवायलाही नाही. मी मान हलवायचे.

स्टँड-टू हा शब्द मी साध्या भाषेत सांगते. सीमेजवळच्या फॉरवर्ड एरियात उजाडायच्या आधी आणि अंधार पडताना प्रत्येक जण बूट घालून, हत्यार घेऊन आपापल्या जागी सज्ज उभा राहतो. हल्ला होवो न होवो. शांततेच्या ठिकाणी स्टँड-टू नसतो. साळवे तो तिथेही करायचे. सगळ्यांच्या आधी उठून, बूट बांधून, रेडिओच्या गाडीच्या पायरीवर बसायचे. सेक्शनमधल्या एकेकाचं नाव घेऊन प्रार्थना करायचे. कुणाची बायको बाळंतपणाला आली होती, कुणाचा भाऊ परीक्षेत नापास झाला होता, सगळं त्यात यायचं. एकदा मी जवळून जात होते आणि त्यात माझं नाव ऐकलं. मी पाऊल न वाजवता मागे फिरले. प्रार्थना संपली की ते उठून सगळ्यांसाठी चहाचं पाणी चढवायचे. मला ती दोन वेगळी कामं वाटायची. त्यांना वाटत नसावीत.

मी एकदा विचारलं, "रोज कशासाठी, साळवे? इथे कोण येणार आहे?"

"कोण कधी येईल ते ऑर्डरमध्ये नसतं ना, मॅडम. आणि आल्यावर बूट शोधायला वेळ नसतो."

माझ्या ट्रंकेत आजीने दिलेला लहानसा मराठी नवा करार होता. माझं किट इन्स्पेक्शनमध्ये कधी कमी पडलं नाही. तो मात्र मी पाच वर्षांत उघडला नव्हता.

कोडगूत दरडी कोसळू लागल्या तेव्हा आमचा कॉलम, म्हणजे गाड्यांसह तुकडी, मदतकार्यासाठी निघाला. वाटेत म्हैसूरला हिनकलच्या पुढे एका शाळेच्या मैदानावर मुक्काम होता. कुवेंपुनगरातलं आमचं घर तिथून फार लांब नाही. संध्याकाळी आई-बाबा डबा घेऊन गेटवर आले. बाबांनी साळवेंची नेमप्लेट वाचली, गाव विचारलं आणि मैदानभर ऐकू जाईल असा सलाम घातला. साळवेंनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. मी जनरेटरचं तेल पाहत उभी राहिले. तेल मी अर्ध्या तासापूर्वीच पाहिलं होतं.

बाबा जाताना म्हणाले, "साळवेंसारखा माणूस बरोबर आहे, आता काळजी नाही."

दुसऱ्या दिवशी हुणसूर रोडने आम्ही वर गेलो. पहिले काही दिवस रस्ते मोकळे करण्यात आणि माणसं हलवण्यात गेले. मग एका कॉफीच्या मळ्याखाली मजुरांच्या चाळी होत्या, तिथली वस्ती रिकामी करण्याचा हुकूम आला. वरच्या उताराला भेग पडली होती. मी रस्त्यावर रेडिओ सेटपाशी थांबले. साळवे चार सॅपर, म्हणजे इंजिनिअर जवान, घेऊन खाली उतरले. आमचे मेजर साहेब पुलाजवळ होते. रेडिओचं नेट एकच होतं, त्यामुळे सगळ्यांचं बोलणं सगळ्यांना ऐकू येत होतं.

इथे रेडिओचा एक नियम सांगायला हवा. वाक्याच्या शेवटी 'ओव्हर' म्हटलं की माझं झालं, आता तुझं उत्तर हवं. 'आउट' म्हटलं की बोलणं संपलं, उत्तर नको. हे पहिल्याच आठवड्यात शिकवतात. साळवेंनी ते अनेक रिक्रूटांना शिकवलं होतं. त्यांच्याकडून त्यात चूक होणं शक्य नव्हतं.

दुपारी पावसाचा जोर वाढला. सेटवर माझं नाव 'वन', साळवेंचं 'टू'. सेट बोलला.

"वन, धिस इज टू. सगळे वर पाठवले. शेवटच्या खोलीत एक आजी आहेत. चालता येत नाही. पाठीवर घेऊन येतो. ओव्हर."

"टू, धिस इज वन. उताराची स्थिती काय? ओव्हर."

"माती सरकतेय, मॅडम. पण आजी एकट्या आहेत. ओव्हर."

मी उताराकडे पाहिलं. परवानगी देणं किंवा नाकारणं माझ्या हातात होतं. मी दिली. त्या निर्णयाची मला लाज नाही. तो आजही तोच असेल.

"रॉजर. लवकर. ओव्हर."

"विल्को. सलाम, मॅडम. ओव्हर."

पूर्ण नेटवर, मेजर साहेबांच्या कानांवर, तो शब्द गेला. माझे कान तापले. हँडसेट दाबून मी कोरडेपणाने म्हणाले,

"रॉजर. आउट."

सॅपर अर्ध्या वाटेवर दोर धरून उभे होते. साळवेंनी आजींना तिथवर आणून त्यांच्या हातांत दिलं. सॅपरांनी त्यांना वर ओढलं. साळवे दोर धरायला वळले तेव्हा उतार खाली आला. आवाज मोठा नव्हता. एखादा ट्रक खडी ओततो तसा होता.

मी सेटवर बोलावत राहिले. "टू, धिस इज वन. रेडिओ चेक. ओव्हर." मेजर साहेब येऊन माझ्या हातातून हँडसेट काढून घेईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी ते सापडले. सेट छातीला बांधलेलाच होता. बूट पायात होते. आजी जिवंत होत्या. चौकशीत शेवटचा संदेश विचारला, तेव्हा मी 'विल्को' एवढंच सांगितलं. रूथताईंना युनिटने तेच कळवलं. नियमाने ते खोटं नव्हतं.

रूथताई चहा घेऊन बाहेर आल्या. मागून मावशी बिस्किटांची बशी घेऊन. रूथताई दाराकडे पाठ करून माझ्यासमोर बसल्या. मग म्हणाल्या, "ताई, विल्को म्हणजे काय हो?"

"हुकूम समजला, तसं करतो."

"मग ते यांचं शेवटचं नाही." त्या हसल्या. "हे असे तुटक थांबणारे नव्हते. निघताना उंबऱ्यात सलाम म्हणायचे आणि मी सलाम म्हटल्याशिवाय हलायचे नाहीत. मी मुद्दाम भांडी घासत बसायचे. एसटी चुकेल म्हणून ओरडायचे, पण उंबरा सोडायचे नाहीत."

मावशी म्हणाल्या, "आमचे हे तर न सांगताच निघायचे."

मग मी सांगितलं. विल्कोच्या पुढचा शब्द सांगितला. ओव्हर म्हणजे काय ते सांगितलं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं.

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"मी आउट म्हणाले."

"म्हणजे?"

"म्हणजे बोलणं संपलं."

रूथताईंनी कप खाली ठेवला. चेहरा बदलला नाही. रडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्या म्हणाल्या, "त्यांचं संपलं नसेल. ते थांबले असतील."

त्यांनी मला माफ केलं असं मी म्हणणार नाही. तसं त्या म्हणाल्या नाहीत आणि मी विचारलं नाही. त्या फक्त वाट पाहत होत्या. मावशीही बशी हातात धरून उभ्या होत्या. बाहेर एक रिक्षा वळली आणि गेली.

मला सेटची सवय आहे. माणसांसमोर माझा आवाज निघत नाही. मी उठून उभी राहिले, कारण बसून ते म्हणता आलं नसतं. हात कपाळाशी नेला. तो सॅल्यूट नव्हता, बाबांचा होता. रूथताईंकडे पाहिलं, आणि त्यांच्यामागे उंबऱ्याकडे.

"सलाम, साळवे," मी म्हणाले. "ओव्हर."