पैलवान सरांचा शब्द

पैलवान सरांच्या अंगावर मूठभर मांस नव्हतं. तरी हिंगोलीजवळच्या गोरेगावातल्या आमच्या छोट्याशा कॉलेजात त्यांना सगळे पैलवानच म्हणत. कबड्डीचा सराव चालू असताना ते मैदानाच्या कडेला डोळे मिटून बसायचे आणि चढाई करणाऱ्या पोराचा नुसता आवाज ऐकायचे. "दम तुटला तुझा, वापस ये," असं डोळे न उघडताच ओरडायचे. ते कधी चुकल्याचं मला आठवत नाही.

त्यांची नेमणूक इतिहास शिकवायला होती. कबड्डी ही त्यांची हौस, ती निवृत्तीपर्यंत चालली. रोज सकाळी मैदानावरचे खडे आम्ही वेचायचे. मी एकदा कुरकुर केली, तर म्हणाले, "पडायचं तुला हाय लेका, मग खडे मी काहून वेचू?" आणि माझ्याशेजारी बसून स्वतःही वेचू लागले. कुणाचा गुडघा फुटला की त्यांच्या खिशातून हळदीची पुडी निघायची.

नरसीकडच्या कॉलेजात कबड्डी शिकवणारे गुरुजी हे त्यांचे जिवलग मित्र. सामना कुणीही जिंको, दोघं एकाच बाकावर चहा प्यायचे.

"तुझी पोरं खेळून राहिली का लाजून राहिली?" गुरुजी विचारायचे.

"पाहुण्यांचा मान ठेवून राहिली," सर म्हणायचे.

हिंगोलीच्या अंतिम सामन्यात या दोघांचेच संघ समोरासमोर आले. आम्ही एका गुणानं पुढे होतो आणि शेवटची चढाई त्यांची होती. परत जाताना त्यांच्या गड्याची बोटं माझ्या टाचेला लागली. पंचांना ते दिसलं नाही. मी बाद होतो, तरी जागेवरच उभा राहिलो.

गुरुजी धावत आले. "पैलवान, तुझं पोरगं बाद हाय."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "हात लागला का रे?"

"न्हाई सर."

"झालं तर. माझं पोरगं खोटं बोलत न्हाई."

"म्हणजे मी बोलून राहिलो?" गुरुजी म्हणाले आणि त्या दिवशी चहा न घेताच गेले. पुन्हा ते दोघं एका बाकावर दिसले नाहीत.

त्या विजयामुळे मी विद्यापीठाच्या संघात गेलो. पुढे खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी लागली. दर दिवाळीला खरं सांगायचं ठरवून सरांकडे जायचो. ते पाठीवरून हात फिरवत घरच्यांना सांगायचे, "हे आपलं पोरगं." मग माझं तोंड उघडायचं नाही.

मागच्या उन्हाळ्यात सर गेले.

त्यानंतर, पन्नाशीला आलेला मी, नरसीला गुरुजींच्या दारात गेलो आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. 

"त्या सामन्यानंतर तीनदा आला होता पैलवान," गुरुजी म्हणाले. "मी आतूनच सांगायला लावलं, घरी न्हाई म्हणून."

मी निघू लागलो.

"बस," गुरुजी म्हणाले. "तू तरी त्याच्याकडं येत-जात होतास. सांग मला, एवढी वर्षं कसा होता तो."

मी ओट्यावर बसलो. सांगायला माझ्याजवळ होतं काय? दर दिवाळीचा एक तास, तोही त्यांच्याकडे वर मान करून न पाहता काढलेला.